एक जोड बाकी

पोपडा मनगटावर पडला तो उलटा पडला – पिवळी बाजू खाली, वर रंगाची मळकट पाठ, आणि त्या पाठीवर एक पांढरी रेघ. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा. दानेश्वरीनं तो झटकायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला, कारण रेघ फार सरळ होती. गंज अशी सरळ रेघ ओढत नाही, ती माणसानंच ओढलेली असते. तिनं पटाशी पुन्हा गाडीच्या पाइपाला लावली, हलक्या हातानं, आणि शेजारचा पोपडा उडाला नाही, अलगद सुटून आला. त्याच्याही पाठीवर रेघा होत्या, तिरक्या. दोन्ही तुकडे तिनं तळहातावर जुळवून ठेवले. फुली झाली. खडूची.

बोट फिरवलं असतं तर पुसली गेली असती. छत्तीस वर्षं रंगाखाली दडून राहिलेली फुली एका बोटानं गेली असती… तिनं बोट लावलं नाही. तुकडे नटबोल्टांच्या वाटीत ठेवले, उठून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली, कारण उभं राहून काय करायचं ते सुचेना.

आज पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ आला होता आणि गल्लीतल्या घराघरांतून मोटारी घरघरत होत्या. भिंतीपलीकडे मीनाबाईची टाकी भरून वाहत होती आणि मीनाबाई स्वतः, हातात पाइप, परसाच्या भिंतीवरून डोकावत होती. या बाईला भिंत कशाला बांधली आहे ते आजवर कळलेलं नव्हतं.

"दानाक्का, भाऊ येनार हाय म्हनं आज?"

"येणार आहे."

"आमच्या पोरीनं, अपेक्षानं, गाडीचा व्हिडिओ टाकलेला की, त्यो बघून फोन आला म्हनं त्याचा. लई वर्सांनी येतोय."

"तुमची टाकी वाहतेय, मीनाबाई."

"व्हय की," मीनाबाई म्हणाली, आणि तरी जागची हलली नाही. "पण दानाक्का, एवढा घाम गाळून ही गाडी चालवनार कुटं तुमी?"

याला उत्तर होतं, पण ते मीनाबाईला द्यायचं नव्हतं. दानेश्वरीनं ग्राइंडर चालू केला, कशालाही न लावता, नुसताच, आणि मीनाबाईचं डोकं खाली गेलं.

गाडी मुळात आप्पांचं खूळ. सिद्धलिंगआप्पा, तिचे वडील, गिरणीतले फिटर. मॅनेजरच्या बंगल्यावर पंखा दुरुस्त करायला गेले आणि तिथल्या रद्दीतून एक विलायती मासिक उचलून आणलं; त्यात वाळूच्या टेकडीवरून उडालेल्या गाडीचा फोटो – दारं नाहीत, छप्पर नाही, नुसता पाइपांचा पिंजरा, चार जाड चाकं आणि मागं उघडं इंजिन. सोलापुरात समुद्र नाही, वाळवंट नाही. वाळू आहे ती भीमेची, आणि तीही लोक ट्रकात घालून पळवतात, तिच्यावर गाडी पळवायला शिल्लक कोण ठेवतंय. पण आप्पांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. गिरणीत यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर जाताना आपली बुटकी बीटल गाडी इथंच टाकून गेला होता. तिचं गंजलेलं कवच आप्पांनी उतरवलं, खालची बैठक कापून फूटभर आखूड केली, वर पाइपांचा पिंजरा बांधायला घेतला. दोन वर्षं चाललं होतं. मागचं अंग वर उचललेलं दिसायचं म्हणून गल्लीनं नाव ठेवलं विंचू. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे चालवणारा डावीकडे आणि शेजारचा उजवीकडे. त्या दिवशी आप्पा उजवीकडे बसले होते.

आणि तिनं स्वतः या सांगाड्यावर दोन वर्षं घातली, तीही अव्वा, म्हणजे आई, गेल्यानंतर, कारण अव्वा असेपर्यंत गाडीवरच्या ताडपत्रीला हात लावायची सोय नव्हती. इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्बोरेटर तीनदा खोलला, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या, बैठकीचा कुजलेला पत्रा कापून दुसरा बसवला. सात रस्ता चौकापलीकडचा भंगारवाला तिला बघितलं की गल्ल्यावरून उठून उभा राहायला लागला होता. लोकांना वाटलं, बापाची आठवण जपते. लोकांना काय, काहीही वाटतं. आयटीआयमध्ये – ती तिथं मुलींना वेल्डिंग शिकवते, गेली सव्वीस वर्षं – तिथल्या प्राचार्यांनी तर एका कार्यक्रमात 'एका कन्येची श्रद्धांजली' वगैरे म्हटलं आणि तिनं म्हणू दिलं. खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. खरं कारण असं, की येत्या दसऱ्याला विंचू सुरू करायचा, अभ्याला – अभिमन्यूला, धाकट्या भावाला – आप्पांच्या जागेवर बसवायचं, स्वतः चालवायची, आणि होटगीच्या बाजूच्या ओढ्यावरच्या त्या मोरीपाशी नेऊन थांबवायची. बघ म्हणायचं. बघ, इथं तू आप्पांचा पाय घालवलास. बाकी काही नाही. हे वाक्य ती इतकी वर्षं मनात घोळवत होती की आता त्यातला शब्द न् शब्द गुळगुळीत झाला होता. भाजी चिरताना म्हणायची, बसमध्ये म्हणायची. मला त्याला मारायचं नव्हतं, भांडायचंही नव्हतं. मला फक्त त्याचा चेहरा बघायचा होता, तो मोरीकडे बघत असताना.

आणि आज चार वाजता तो आपणहून येत होता, दसऱ्याला अजून पंधरा-वीस दिवस असताना, आणि गाडीचं एवढं एकच काम राहिलेलं होतं. उजवीकडच्या पुढच्या चाकाचा आस जो पाइप धरून ठेवतो, त्याचा तुटलेला जोड.

हे काम शेवटाला का ठेवलंस, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं पटणारं कारण दिलं असतं: वाकलेलं अंग नेहमी शेवटी सरळ करायचं, आधी बाकीचा सांगाडा पक्का झाला पाहिजे. मुलींना ती हेच शिकवते. पण दोन वर्षांत ती या कोपऱ्याकडे पाठ करूनच बसत आली, उजेड कमी पडला तरी दिवा डावीकडेच टांगत आली, हेही खरंच… ते तिच्या आत्ता लक्षात येत होतं.

तिनं तारेचा ब्रश घेतला आणि तुटलेलं तोंड साफ करायला सुरुवात केली. आता हात थांबवता येत नव्हता. गंज भुरभुरत खाली पडला. पाइपाच्या तोंडावर सगळीकडून गोल फिरलेला वेल्डिंगचा वळ असायला हवा होता, तुटलेला का असेना, पण फाटलेल्या लोखंडाची खडबडीत कड तरी गोल दिसायला हवी होती. तसं काही नव्हतं. दोन ठिपके होते. एक वर, एक खाली, हरभऱ्याएवढे. बाकीचं तोंड करवतीनं कापलं तसंच्या तसं स्वच्छ, आणि त्या स्वच्छ कडेवर, आतपर्यंत, पिवळा रंग ओघळून सुकलेला.

म्हणजे रंग दिला तेव्हा इथं फट होती. फट होती म्हणूनच रंग आत गेला. हे समजायला सव्वीस वर्षांच्या नोकरीची गरज नव्हती, पहिल्या वर्षाच्या मुलीनंही सांगितलं असतं. ती दर जूनमध्ये नव्या वर्गाला दोन पत्रे असेच जोडून देते, म्हणते हलवा, आणि पोरी हलवतात आणि पत्रे कटकन सुटतात आणि पोरी हसतात. कपडा शिवायच्या आधी कच्चा टाका घालतो की नाही, तसं हे, ती सांगते. जागा धरून ठेवायला असतं. याच्यावर भार टाकायचा नसतो.

या दोन हरभऱ्यांवर आप्पांना बसवून अभ्या निघाला होता.

नाही, थांब. खडूची फुली म्हणजे कापायची खूणही असेल… तिनं स्वतःलाच समजावलं, आणि मग स्वतःचीच कीव आली. कापायच्या जागी आप्पा रेघ मारायचे. फुली म्हणजे काम बाकी. जोड पुरा झाला की अंगठ्यानं फुली पुसायची, हा त्यांचा गिरणीतला शिरस्ता. शेकडो जोड असायचे, कुठला झाला कुठला राहिला ते डोक्यात कोण ठेवणार. "जितं खडू, तितं काम बाकी," ते म्हणायचे, "खडू न्हाय, तर माज्या डोक्याला ताप न्हाय." एकदा फुली दिसली नाही की ते पुन्हा वळून बघत नसत. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं हे. तिला तर सगळ्यांत जास्त, कारण खडूचा डबा तिच्याकडे असायचा.

आप्पांचा पाय गेला त्या वर्षी खांडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती – पाने, हातोड्या, करवत, वेल्डिंगचा होल्डर, काचेची ढाल, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी उजेड जाईपर्यंत आप्पा जोड मारत होते आणि काही राहिले तर दसऱ्याला सकाळी पूजा उठवली की मारू म्हणाले, आणि नवमीला जेवण झाल्यावर आत्तीकडे अक्कलकोटला गेले. ती अठरा वर्षांची. घरात बसून काय करणार. अभ्या, सतरा वर्षांचा, अंगणात खुर्ची उलटी धरून स्टिअरिंग फिरवायचा सराव करत होता, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत, कारण गाडी तो चालवणार हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही, ते आपोआपच ठरलेलं असतं. दोन वर्षं पाइप धरायला मी, टॉर्च धरायला मी, नट रॉकेलमध्ये धुवायला मी, आणि चालवणार अभ्या. आपला तो बाब्या. रंग तेवढा तू दे, अव्वा म्हणाली होती, रांगोळीचा हात चांगला आहे तुझा.

तेव्हा तिच्या मनात आलं की ब्रश हे काही हत्यार नव्हे. पाटावर ब्रश नव्हता. ब्रशाला कुणी कुंकू लावलं नव्हतं. म्हणजे रंग द्यायला हरकत नाही. आणि तिनं पिवळा ऑइलपेंट उघडला आणि दुपारभर, ऑक्टोबरच्या त्या भाजणाऱ्या उन्हात, सगळा पिंजरा रंगवून काढला – अस्तर नाही, काही नाही, एकदम पिवळा.

फुली दिसली होती का मला?

हा प्रश्न मनात आला आणि ती ब्रश खाली ठेवून भिंतीला टेकून बसली. मोटारींचा आवाज एकसारखा चालू होता. विसरलेल्या गोष्टी आठवतात तेव्हा धूसर आठवतात असं म्हणतात. ही धूसर नव्हती. हिच्यावर रोज कुणीतरी हात फिरवून ठेवल्यासारखी लख्ख होती. उजवीकडे पुढं वाकले, ब्रश भरलेला, आणि पाइपावर फुली. एकच. बाकीच्या पुसलेल्या. हात थांबला. मग वाटलं, उद्या जोड मारताना इथला रंग जळेल तेवढाच, परत देऊ. आणि ब्रश फिरवला. दोनदा फिरवला, खडू पिवळ्याखालून दिसत होता म्हणून.

इथपर्यंत ठीक होतं. एवढी चूक कुणाच्याही हातून होते, अठरा वर्षांच्या मुलीच्या हातून तर होतेच. पण मग संध्याकाळी आप्पा आले. दारातच थांबले, डोक्यावरची टोपी काढली. गाडीभोवती एक फेरा मारला आणि अभ्यासमोर, अव्वासमोर म्हणाले, "लई झ्याक बसलाय गं रंग. दाना, हात हाय तुज्यात." दोन वर्षांत पहिल्यांदा. दोन वर्षांत नव्हे, जन्मात पहिल्यांदा. आणि तिच्या ओठांवर होतं, आप्पा, पुढचा एक जोड राहिलाय, तिथं फुली होती – अगदी ओठांवर – आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग त्यावर रंग कशाला लावलास, येडी का काय. ते अभ्यासमोर म्हणाले असते. अभ्या हसला असता.

सकाळी सांगू, असं ठरवलं. सकाळी पूजा उठवली, आप्पांनी पिंजऱ्यावरून नजर फिरवली, कुठं पांढरं दिसलं नाही, म्हणाले, "झालं की सगळं." मी होते तिथंच. आपट्याची पानं निवडत होते.

मोरीपाशी काय झालं ते सगळ्या गावानं सांगितलं. पोरगं बेभान सुटलं होतं, वळणावर आवरलं नाही, गाडी मोरीच्या कठड्यावर घातली. आप्पांचा उजवा पाय गुडघ्यापासून चेचला, खुबा मोडला, गिरणी सुटली. त्यानंतर अकरा वर्षं खाट. अव्वानं आठ दिवसांत अभ्याला पुण्याला मामाकडे धाडलं – तुझं तोंड बघवत नाही म्हणाली, आणि ते खरं केलं, तो सणाला आला तरी ती त्याच्याकडे पाठ करून चुलीपाशी बसायची. आणि दानेश्वरी खाटेपाशी राहिली. मुलगी बघायला आलेले लोक मुलीआधी खाट बघायचे, चहा प्यायचे, कळवतो म्हणायचे. कळवायचं कुणी नाही. तिनं हे सगळं अभ्याच्या नावावर लिहून ठेवलं होतं, खाट, चहा, ते न आलेले निरोप, सगळं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि तो चोर इतकी वर्षं संन्याशाला शिव्या घालत बसला होता आणि मुलींना टाका आणि जोड यातला फरक शिकवत होता.

अडीच वाजले होते. चारला तो येणार.

मग तिला जे सुचलं ते अगदी साधं होतं आणि सुचलं त्याची तिला लाजही वाटली नाही. तोंड जुळवायचं, जोड गोल मारून घ्यायचा, वरून ग्राइंडर फिरवायचा, लाल अस्तर द्यायचं. तासाभराचं काम. मग ना ठिपके, ना फट; फुली तर बोटानं जाते. गाडी पुरी होईल, दसरा येईल, मोरी आहे तिथंच आहे. वाक्य आहे तिथंच आहे. तिनं वेल्डिंगचं मशीन ओढलं, अर्थिंगचा चिमटा लावला, ढाल तोंडासमोर धरली आणि रॉड टेकवला.

ठिणगी उडाली आणि रॉड चिकटला. झटका देऊन सोडवला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. दिवा पिवळट, मलूल झाला होता. अख्ख्या गल्लीच्या मोटारी वीज ओढत होत्या आणि तिच्या मशीनच्या वाट्याला काही येत नव्हतं. तिनं सहा वेळा प्रयत्न केला, सहाव्या वेळी रॉड पाइपाला चिकटून उभाच राहिला, लाल होत, आणि तिला मीनाबाईच्या टाकीत उडी टाकून जीव द्यावा किंवा मीनाबाईला त्यात ढकलावी असं वाटलं. भिंतीवरून ओरडून सांगता आलं असतं, मोटार बंद करा. का म्हणून विचारलं असतं बाईनं. तिला का ते सांगावंच लागतं.

ढाल खाली ठेवली तेव्हा तिच्या लक्षात आलं की एवढी घाई करायचं कारणच नाही. अभ्याला काय कळणार आहे? त्याला नट कुठला आणि बोल्ट कुठला हे आजही सांगता येत नसेल. पुण्यात कुठल्याशा कंपनीत मनुष्यबळ का काहीतरी बघतो, पांढरी मोठी गाडी आहे, ती चालवायला ड्रायव्हर आहे. साहेब स्वतः स्टिअरिंग धरत नाहीत, असं मामीकडून ऐकलं तेव्हा तिला किती दिवस पुरलं होतं ते. बापाला मोडून आता मागं बसून फिरतो. त्याच्या नाकासमोर हे ठिपके धरले तरी त्याला ते ठिपकेच दिसतील. लपवायचं काही नव्हतंच, कारण वाचणारी एकटी तीच होती.

आणि एक आप्पा होते.

ही आठवण तिला नको होती, पण ती आलीच. अपघातानंतर सहा-सात महिने झाले असतील. ती त्यांच्या मांडीला तेल लावत होती, अभ्या पुण्याला गेलेला, अव्वा बाजारात. आप्पा वर छताकडे बघत होते आणि एकदम म्हणाले, "रंग लई चांगला बसला हुता गं." बस, एवढंच. तिला भरून आलं होतं तेव्हा. एवढं सगळं गेलं तरी माझा रंग आठवतो यांना. ते वाक्य तिनं देवासारखं जपलं होतं, अव्वाच्या शेवटच्या दुखण्यातसुद्धा ते आठवून तिनं धीर धरला होता. आज ते वाक्य पुन्हा ऐकलं तर त्यात कौतुक कुठंच नव्हतं. आप्पा फिटर होते. पडल्या पडल्या त्यांनी सहा महिने तो जोड मनात उलगडून बघितला असणार, चाक कसं गेलं, आधी काय गेलं, आणि फुली कुठं गेली. त्यांना कळलं होतं. आणि कळून ते बोलले नाहीत – मला वाचवायला? की आपलं काम आपण डोक्यात न ठेवता खडूवर सोडलं, त्याची लाज म्हणून? आणि तिकडं पोरगा मामाच्या घरी वाळीत पडलाय तो पडू दिला. तिला आप्पांचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा, असा की खाली ठेवलेला ब्रश उचलून तिनं भिंतीवर भिरकावला. तुम्ही एकदा म्हणायचं होतं. एकदा माझ्या थोबाडीत मारून म्हणायचं होतं, दाना, तू केलंस. मी तेलाची वाटी घेऊन तुमच्यापाशीच बसले होते की.

दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

पांढरी गाडी नव्हती, ड्रायव्हर नव्हता. अभिमन्यू स्टेशनवरून रिक्षानं आला होता, खांद्याला पिशवी, केस सगळे गेलेले, गळ्याखाली इष्टलिंगाची दोरी सदऱ्यातून दिसत होती. त्रेपन्न वर्षांचा माणूस परसाच्या दारात चप्पल काढून उभा राहिला, देवळात उभं राहावं तसा.

"अक्का."

"चहा ठेवू?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, कोरडा. याचं तिला नवल वाटलं.

"नंतर. आधी बघू दे." तो पुढं आला, पण गाडीला हात लावला नाही. "लई केलंस की गं. एकटीनं केलंस?"

"दुसरं कोण होतं करायला."

हे टोचून बोलणं होतं आणि त्याला ते टोचलं, तिनं बघितलं. नेहमी यानंतर जरा बरं वाटायचं. तो फिरत फिरत उजव्या बाजूला गेला आणि नेमका त्या पाइपासमोर उकिडवा बसला. चिकटलेला रॉड अजून उभा होता. त्यानं दोन ठिपक्यांकडे बघितलं, पिवळ्या ओघळाकडे बघितलं.

"हे तुटलेलं तेच ना?"

"तेच."

"अजून करायचंय?"

"करायचंय."

झालं. त्याला बाकी काही दिसलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि तिला त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला. बघ की. समोर आहे, बघ की जरा, आयुष्यभराचा मठ्ठ तो मठ्ठच.

"अक्का, मला एक बोलायचं हुतं," तो तसाच बसून म्हणाला, पाइपाशी बोलल्यासारखा. "फोनवर जमंना, म्हणून आलो. अव्वा हुती तवर तोंड उघडायची सोय नव्हती. माजीच चूक हुती ती. आप्पा म्हणत हुते हळू घे, वळण हाय, मी घेतली न्हाय. मला तुला दाखवायचं हुतं. तू वर गच्चीवरनं बघत असशील असं वाटत हुतं मला."

"मोरी गच्चीवरून दिसत नाही."

"व्हय. पण तवा वाटत हुतं." तो थोडा हसला. "त्या दिवसापास्नं मी स्टिअरिंग धरलं न्हाय. बायको म्हणते क्लास लावा, या वयात लोक शिकतात. दोनदा गेलो. हात असे थरथरतात की मास्तरच म्हणाला, साहेब, ऱ्हाऊ द्या." त्यानं हात पुढं करून दाखवले, आणि ते आत्ताही, इथं, थांबलेल्या गाडीसमोर, जरा थरथरत होते. "चाक आधी वाकलं का आधी धडाकलो, हे मी इतकी वर्षं आठवत बसतो. मला वाटतं आधी वाकलं. एकदम उजवीकडं खाली बसली गाडी. पण असं सगळेच म्हणतात की गं, ज्याच्या हातनं होतं तो असंच म्हणतो. म्हणून मी कधी कुणाला बोललो न्हाय. तुझ्या सगळ्या जल्माचं माझ्यामुळं वाटोळं झालं. मला माफ कर, असं म्हणत न्हाय मी. नुस्तं सांगायला आलो."

छत्तीस वर्षं हेच ऐकायचं होतं तिला. हेच शब्द, याच तोंडून, याच गाडीसमोर, मोरीपर्यंत न्यायचीसुद्धा गरज पडली नव्हती. आणि आता ते आले होते तर तिला ते ऐकवत नव्हते. याला कुणी सांगितलं होतं इतकं चांगलं वागायला? उद्धट असता, लबाड असता, जाऊ दे गं झालं ते झालं म्हणाला असता, तर सगळं आपापल्या जागी राहिलं असतं. हा असा पाइपासमोर बसून थरथरतोय आणि जे खरं घडलं तेच सांगतोय, चाक आधी वाकलं, आणि त्यावर स्वतःच विश्वास ठेवत नाहीये. त्या वाक्यापुढं तिनं फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. त्यानं या माणसाचे हात थांबले असते.

ओठांवर आलं. त्या संध्याकाळी आलं होतं तसंच, तेवढंच जवळ.

आणि मग मला कळलं की मला कशाची भीती वाटतेय. तो ओरडेल याची नाही. ओरडला असता, विंचवाला लाथ घातली असती, माझ्या तोंडावर थुंकून अव्वाच्या नावानं शिव्या देत निघून गेला असता, तर मी ते सगळं उभं राहून घेतलं असतं, मला ते हवंच होतं. पण अभ्या तसं काही करणार नाही. तो म्हणेल, अक्का, अठरा वर्षांची पोर हुतीस तू, जाऊ दे. रडेल थोडा. माझे हात हातात घेईल, आणि सगळी खाट, सगळी वर्षं, अव्वाची पाठ, पुण्यातलं वाळीत पडणं, हे सगळं एका दमात मला माफ करून संध्याकाळच्या गाडीनं परत जाईल, हलका होऊन. आणि मी इथं राहीन ती माफी घेऊन. तिचं मी काय करायचं?

"काय झालं, अक्का?" त्यानं वर बघितलं. "बोल की कायतरी."

दानेश्वरीनं त्याच्यावरचा राग शोधला. रोज वापरातली वस्तू जिथं असते तिथं हात घालावा तसा शोधला, आणि तो तिथं नव्हता. टकलू, दमलेला, डोळ्यांखाली काळं झालेला एक माणूस होता फक्त, जो तिच्या भावासारखा दिसत होता. राग नाही म्हटल्यावर आपल्यापाशी दुसरं काही ठेवलेलंच नाही, हे तिला दिसलं, आणि तिला अशी भीती वाटली की तिनं भिंत धरली.

तो उठायला लागला, तिला धरायला.

"बस," ती म्हणाली. "उठू नकोस. थोडा वेळ तिथंच बस."